सहा वर्षे बंद असलेली आरएक्स १०० : आधी वेग वाढवावा की आधी दुरुस्ती करावी?

मामाची_आरएक्स

नमस्कार. माझ्या मामांची १९९३ सालची टू-स्ट्रोक यामाहा आरएक्स १०० यंदाच्या पाडव्याला माझ्याकडे आली. गुडघेदुखीमुळे मामांना किक मारणे जमेनासे झाले, तेव्हापासून जवळपास सहा वर्षे ती कागलच्या घराच्या सोप्यात पोत्याखाली झाकून उभी होती. मी आजवर फक्त चार-स्ट्रोक गाड्या चालवल्या आहेत आणि पान्यांशी माझा संबंध चेन ताणणे आणि प्लग बदलणे यापलीकडे आलेला नाही, त्यामुळे माझे प्रश्न बाळबोध वाटल्यास सांभाळून घ्यावे.

गावातील एका मेकॅनिकने टाकी धुतली, कार्बोरेटर साफ केला, प्लग आणि बॅटरी बदलली आणि गाडी सुरू करून दिली. गेल्या दोन महिन्यांत मी तिच्यावर सुमारे ६०० किलोमीटर फिरलो असून पुढील गोष्टी लक्षात आल्या आहेत. सकाळी चार-पाच किका माराव्या लागतात आणि सुरू झाल्यावर पहिली दोन मिनिटे निळसर दाट धूर येतो, जो नंतर बराच कमी होतो. गाडी गरम झाल्यावर तिचा स्लो (मूठ न पिळता इंजिन फिरते तो वेग) एका जागी राहत नाही. सिग्नलला उभे असताना मी मूठ न पिळताच रेस वाढत जाते. महामार्गावर ६५ ते ७० च्या पुढे काटा सरकत नाही, आणि मित्राला मागे बसवून जोतिबाच्या डोंगरावर गेलो तेव्हा बहुतेक चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढावा लागला. सायलेन्सरच्या शेपटातून काळे चिकट थेंब उडून नंबर प्लेट आणि पँट दोन्ही खराब होतात. प्लग पांढरट दिसत होता म्हणून मेकॅनिकने कार्बोरेटरचा मुख्य जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोक) दोन अंकांनी मोठा बसवला, पण त्यानंतर स्लोचा त्रास तसाच राहिला आणि वरच्या वेगात गाडी अधिकच गुदमरल्यासारखी वाटते.

आता मला तीन सल्ले मिळाले आहेत. मेकॅनिक म्हणतो की सायलेन्सरची जाळी काढून टाकावी, मोठा कार्बोरेटर लावावा आणि ब्लॉकचे पोर्टिंग (सिलेंडरच्या भिंतीतील भोके, म्हणजे पोर्ट, खरवडून वाढवणे) करून घ्यावे. एक मित्र म्हणतो की इंजिनाला वंगणाचे तेल पुरवणारा ऑइल पंप कधीही दगा देतो, म्हणून तो बंद करून पेट्रोलमध्येच तेल मिसळावे. मामा म्हणतात की त्यांच्या काळात ही गाडी शंभराच्या घरात जात असे आणि त्यांनी तिला कधीही काहीही बसवलेले नव्हते. माझ्याकडे साधारण आठ हजार रुपये आहेत. सुरुवात कोठून करावी?

---

निवृत्त_फिटर

तुमच्या तीन सल्लागारांपैकी मामांचे म्हणणे सर्वांत मोलाचे आहे. आरएक्स १०० चे इंजिन ९८ सीसीचे, ५० मिलिमीटर बोअर आणि ५० मिलिमीटर स्ट्रोकचे असून ते मिनिटाला ७५०० फेऱ्यांना सुमारे ११ अश्वशक्ती देते. गाडीचे वजन शंभर किलोच्या आसपास असल्यामुळे ही शक्ती तिला पुरून उरते. तुमची गाडी आज ७० वर अडते याचा अर्थ तिला शक्ती कमी पडते असा नसून असलेली शक्ती कोठेतरी वाया जाते असा आहे. ती कोठे जाते हे कळण्याआधी मोठा कार्बोरेटर लावणे म्हणजे गळक्या हौदाला मोठा नळ जोडण्यासारखे आहे.

मी छत्तीस वर्षे फिटर म्हणून काम केले आणि सुट्टीच्या दिवशी घरच्या अंगणात टू-स्ट्रोक गाड्याच उघडल्या, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. चार-स्ट्रोकची सवय असलेल्या माणसाला एक गोष्ट सहसा माहीत नसते, ती अशी की टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे तेलाचे भांडे नसून तो एक पंप असतो. पिस्टन वर जाताना खालच्या बाजूला ओढ निर्माण होते आणि रीड व्हॉल्व्हमधून (एकाच दिशेने उघडणाऱ्या पातळ पट्ट्यांच्या झडपेतून) पेट्रोल-हवेचे मिश्रण आत येते. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन पोर्टमधून वर सिलेंडरमध्ये जाते. म्हणजेच क्रँककेस हवाबंद असली तरच इंजिन नीट श्वास घेते. क्रँकच्या दोन टोकांना दोन ऑइल सील असतात, एक मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूला आणि दुसरे क्लचच्या बाजूला. गाडी सहा वर्षे उभी राहिल्यावर या सीलचे रबर कडक होते आणि त्याची कड शाफ्टला घट्ट धरत नाही.

दोन्ही सीलची लक्षणे वेगवेगळी असतात, आणि इथेच तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. क्लचच्या बाजूचे सील गेले तर इंजिन गिअरबॉक्सचे तेल ओढून जाळू लागते. धूर गाडी गरम झाल्यावरही थांबत नाही आणि गिअर ऑइलची पातळी हळूहळू कमी होते. मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले तर त्या बाजूला तेल नसल्यामुळे नुसती हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते, प्लग पांढरा पडतो आणि गाडी गरम झाल्यावर स्लो आपोआप चढतो. तुम्ही दिलेले वर्णन या दुसऱ्या प्रकाराशी जुळते. तुमच्या मेकॅनिकने पांढरा प्लग पाहिला हे योग्यच केले, पण उपाय चुकला. मुख्य जेटचा प्रभाव मूठ तीन-चतुर्थांशाहून अधिक उघडल्यावरच पडतो. बाहेरून शिरणारी हवा मात्र स्लोवर सर्वाधिक जाणवते, कारण त्या वेळी इंजिन मुळातच थोडी हवा घेत असते. त्यामुळे खालचा दोष तसाच राहिला आणि वरचे मिश्रण मात्र गरजेपेक्षा जाड झाले.

तपासणी घरी करता येते. मॅग्नेटचे झाकण काढून गाडी स्लोवर ठेवावी आणि कार्बोरेटर साफ करण्याच्या स्प्रेची बारीक फवारणी प्रथम इनटेकच्या रबराभोवती, नंतर ब्लॉकच्या तळाच्या पॅकिंगभोवती आणि शेवटी मॅग्नेटच्या मागच्या बाजूला करावी. जेथे फवारल्यावर इंजिनाचा आवाज बदलेल तेथे गळती आहे असे समजावे. हा स्प्रे पेट घेतो, त्यामुळे तापलेल्या बेंड पाइपवर तो उडू देऊ नये आणि हे काम उघड्यावरच करावे. पेट्रोलचे थेंब टाकून हीच परीक्षा करणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांतील एकाच्या भुवया जळालेल्याही पाहिल्या आहेत.

याहून खात्रीची परीक्षा म्हणजे दाबाची. एक्झॉस्ट आणि इनटेक रबराचे तुकडे लावून बंद करायचे, प्लगच्या भोकातून किंवा इनटेकच्या पट्टीतून नळी घालायची आणि आत साधारण सहा पौंड दाब भरून तो काही मिनिटे टिकतो का ते पाहायचे. यासाठी मी डॉक्टरांकडील रक्तदाब मोजण्याचे जुने यंत्र वापरतो, कारण त्याचा रबरी फुगा आणि घड्याळ दोन्ही आयतेच मिळतात. घड्याळातील ३०० चा आकडा म्हणजे जवळपास सहा पौंडच. काटा झपाट्याने खाली आला तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे कोठे येतात ते शोधावे.

दुसरी बाजू धुराच्या वाटेची. काळे चिकट थेंब म्हणजे अर्धवट जळलेले टू-टी तेल (टू-स्ट्रोकचे वंगणाचे तेल), आणि जेथे ते थेंब आहेत तेथे सायलेन्सरच्या आत कार्बन असणारच. आरएक्सच्या सायलेन्सरची जाळी शेपटाकडचा बोल्ट काढून ओढून काढता येते. ती काढून टाकायची नसून स्वच्छ करायची आहे. भोके बुजलेली असतील तर तारेच्या ब्रशने खरवडावीत. कार्बन फार जुना असेल तर काही मेकॅनिक सायलेन्सरमध्ये कॉस्टिक सोड्याचे द्रावण भरून ठेवतात. त्याने काम होते, पण ते द्रावण ॲल्युमिनियम खाते, त्यामुळे इंजिनाचा कोणताही भाग त्याच्या जवळपास नेऊ नये, आणि हातमोजे व चष्मा लावल्याशिवाय त्याला हात लावू नये. त्याच वेळी बेंड पाइप उतरवून ब्लॉकच्या एक्झॉस्ट पोर्टमध्ये बोट घालून पाहा. तेथे कार्बनचा थर जमून भोकच लहान झालेले मी अनेकदा पाहिले आहे. पोर्ट खरवडताना पिस्टन खाली नेऊन ठेवावा आणि लोखंडी पट्टीऐवजी लाकडी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी वापरावी.

खर्चाच्या दृष्टीने पाहिले तर एक सील, एक-दोन पॅकिंग, एक प्लग आणि मूळ अंकाचा जेट एवढ्यात हे सारे बसते. मॅग्नेटचे सील इंजिन न फोडता बाहेरून बदलता येते, पण मॅग्नेट काढण्यासाठी त्याचा पुलर (ओढून काढण्याचे हत्यार) लागतो. हातोड्याने मॅग्नेट ठोकू नये, कारण त्याने क्रँकची सरळ रेषा बिघडते. क्लचच्या बाजूला मात्र क्लच आणि त्यामागचा गिअर उतरवावा लागतो, ते काम पहिल्याच वेळी स्वतः अंगावर घेऊ नये.

---

अंत्रुजकर

वरील उत्तराशी मी जवळजवळ पूर्ण सहमत आहे, परंतु ऑइल पंपाविषयी माझे मत वेगळे असून ते येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. मी फोंड्यात राहतो आणि माझ्याकडे १९९० ची आरएक्स आहे. चार वर्षांपूर्वी चोर्ला घाट चढत असताना ती एकाएकी जाम झाली. नंतर उघडून पाहिले तेव्हा तेलाची टाकी भरलेली होती, पंपही फिरत होता, पण टाकीच्या तळाशी साचलेल्या गाळाने नळीचे तोंड अर्धे बुजवले होते. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे पडले होते आणि पुढच्या मापाचे बोअर करण्यावाचून (सिलेंडर कापून मोठ्या मापाचा पिस्टन घालण्यावाचून) गत्यंतर राहिले नाही. तेव्हापासून मी पंपाची नळी बंद करून प्रत्येक लिटर पेट्रोलमागे ३० मिलिलिटर तेल स्वतः मोजून घालतो. तेल आत जाते आहे की नाही ही चिंता मला राहिलेली नाही.

यातील गैरसोयही प्रामाणिकपणे सांगतो. पंपावर पेट्रोल भरणाऱ्याला दरवेळी थांबवून आधी तेल ओतावे लागते, आणि सोबत मापाची बाटली बाळगावी लागते. दुसरी अडचण घाट उतरताना येते. मूठ पूर्ण बंद करून इंजिनाच्या ओढीवर लांब उतार उतरला तर पेट्रोल जवळजवळ आत जात नाही आणि पेट्रोल नाही म्हणजे तेलही नाही, पण इंजिन मात्र वेगाने फिरत असते. त्यामुळे अनमोड किंवा चोर्ला उतरताना मी थोड्या थोड्या अंतराने क्लच दाबून मूठ पिळतो.

आमच्याकडील दमट आणि खाऱ्या हवेबद्दलही एक वाक्य लिहितो, कारण गाडी दीर्घकाळ उभी ठेवणाऱ्या प्रत्येकाला ते लागू आहे. पावसाळ्यात पेट्रोलची टाकी अर्धी रिकामी ठेवू नये, आतल्या मोकळ्या पत्र्यावर गंज धरतो आणि तोच गंज पुढे कार्बोरेटरच्या सुईच्या बैठकीत अडकून गाडी ओव्हरफ्लो करते, म्हणजे पेट्रोल बाहेर सांडते.

---

निवृत्त_फिटर

अंत्रुजकरांची गाडी जाम झाली याचे वाईट वाटते, पण त्यांच्याच वर्णनावरून दोष पंपाचा नसून टाकीतल्या गाळाचा होता हे दिसते. सहा वर्षे उभ्या असलेल्या गाडीत तोच गाळ असण्याची शक्यता असल्याने प्रश्नकर्त्याने तेलाची टाकी काढून धुवावी आणि नळ्या नव्या घालाव्यात, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे. पंप काढून टाकण्याच्या मी मात्र विरोधात आहे. पंप इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो आणि शिवाय मुठीच्या केबलशी जोडलेला असतो. त्यामुळे स्लोवर कमी आणि भार ओढताना जास्त तेल जाते, आणि घाट उतरताना मूठ बंद असली तरी फेऱ्यांच्या प्रमाणात थोडे तेल जातच राहते. हाताने मिसळताना हा हिशेब कोणालाही साधत नाही. सकाळचा दाट धूर बहुधा रात्रभर नळीतून झिरपून क्रँककेसमध्ये साचलेल्या तेलाचा असावा. पंपाच्या मुखाशी असलेला छोटा एकेरी व्हॉल्व्ह जुना झाला की असे होते.

पंपाची परीक्षा अशी करावी. परीक्षा होईपर्यंत सावधगिरी म्हणून पेट्रोलच्या टाकीत लिटरमागे २० मिलिलिटर तेल मिसळलेले पेट्रोल ठेवावे, म्हणजे पंप नादुरुस्त निघाला तरी पिस्टन वाचतो. पंपाच्या पुलीवरील खूण आणि तिच्या शेजारची पिन मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या मुठीच्या स्थितीत जुळते का ते पाहावे. मुठीची केबल बदलल्यावर कार्बोरेटर जुळवतात आणि पंप विसरतात, असे फार वेळा घडते. तेलाची टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली असेल तर नळीत हवा राहते, ती पंपाचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करून तेलाची सलग धार येईपर्यंत काढावी लागते. मग तेलाची टाकी खुणेपर्यंत भरून २०० किलोमीटर चालवावे आणि खुणेपर्यंत पुन्हा भरताना किती तेल लागले ते औषधाच्या मापाने मोजावे. गाडी लिटरला ४० देत असेल तर तेवढ्यात पाच लिटर पेट्रोल लागेल. १०० मिलिलिटर तेल लागले तर प्रमाण पन्नासास एक पडले. तीसच मिलिलिटर लागले तर पंपावर भरवसा ठेवू नये.

तेलाविषयी एवढेच की डब्यावर जासो एफसी किंवा एफडी असा दर्जा लिहिलेले टू-टी तेल घ्यावे. चार-स्ट्रोकचे इंजिन ऑइल पेट्रोलमध्ये घालण्याची जुनी काटकसर काही ठिकाणी अजून चालते. त्या तेलातील धातूयुक्त घटक जळल्यावर राख मागे ठेवतात आणि ती प्लगवर व पिस्टनच्या माथ्यावर साचते.

---

वायुलहरी

मी नाशिकला अभियांत्रिकीच्या मुलांना इंजिनांचा विषय शिकवते, आणि दरवर्षी निदान दोन विद्यार्थी आरएक्सची जाळी काढून वर्गाबाहेर आवाज करत येतात. त्यामुळे सायलेन्सरच्या मुद्द्यावर मला थोडे लिहावेसे वाटते.

चार-स्ट्रोकमध्ये धूर जितका मोकळा जाईल तितके बरे, असे ढोबळपणे म्हणता येते. टू-स्ट्रोकला हा नियम लागू पडत नाही, कारण तिच्यात एक्झॉस्ट पोर्ट आणि ताजे मिश्रण आत आणणारे पोर्ट काही काळ एकाच वेळी उघडे असतात. त्या क्षणी धुरामागोमाग ताजे मिश्रणही बाहेर निसटते. पोर्ट उघडताच दाबाची एक लहर पाइपातून पुढे धावते. पाइप जेथे रुंदावतो तेथून ती ओढीच्या रूपाने परतते आणि सिलेंडर रिकामा करायला मदत करते, आणि जेथे पाइप पुन्हा अरुंद होतो तेथून ती दाबाच्या रूपाने परतून निसटू पाहणारे मिश्रण पोर्ट बंद होण्याआधी आत ढकलते. ही वेळ पाइपाच्या लांबीवर आणि शेवटच्या निमुळत्या भोकावर ठरते. ही युक्ती पूर्व जर्मनीतील एमझेड या मोटरसायकल कारखान्याचे अभियंते वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात इतकी पक्की केली की १९६१ मध्ये त्यांचे १२५ सीसीचे इंजिन सुमारे २५ अश्वशक्ती देत होते. त्याच वर्षी त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी पळून गेला आणि ते ज्ञान जपानच्या सुझुकीपर्यंत पोहोचले. जपानी टू-स्ट्रोक गाड्यांच्या पुढील घोडदौडीत या पलायनाचा वाटा मोठा आहे.

आरएक्सचा सायलेन्सर शर्यतीच्या गाडीसारखा फुगीर दिसत नसला तरी त्याच्या आतील मापे विनाकारण ठेवलेली नाहीत. जाळी काढल्यावर आवाज वाढतो आणि आवाजामुळे गाडी वेगवान झाल्याचा भास होतो, पण पाठीमागचा दाब गेल्याने मधल्या फेऱ्यांतला पिकअप बहुतेक वेळा कमी होतो आणि मिश्रण पातळ होण्याचा धोका वाढतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत. राज्यातल्या अनेक शहरांत वाहतूक पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडलेले आहेत. तुमची गाडी पंधरा वर्षांहून जुनी असल्याने दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती परिवहन कार्यालयात दाखवावी लागेल, तेव्हा हा प्रश्न पुन्हा उभा राहील. सहा वर्षे बंद असताना ते नूतनीकरण राहून गेले नाही ना, हे आधी पाहावे.

पोर्टिंगबद्दल माझे मत याहून कडक आहे. एक्झॉस्ट पोर्ट वर सरकवला तर शक्ती वरच्या फेऱ्यांत जाते आणि खालची ओढ कमी होते; जोतिबाच्या चढावर तुम्हाला नेमकी खालची ओढ हवी आहे. एकदा खरवडलेला ब्लॉक पूर्ववत होत नाही, आणि मूळ मापाचे चांगले ब्लॉक आता दुर्मीळ झाले आहेत. जपानी शिक्का असलेल्या सुरुवातीच्या सुट्या भागांना लोक किती पैसे मोजतात ते पाहिले की मुलांच्या हातातली फाइल काढून घ्यावीशी वाटते.

कार्बोरेटर जुळवताना, निवृत्त फिटर यांनी जे मुख्य जेटबद्दल सांगितले तेच पुढे नेऊन, मुठीवर चिकटपट्टी लावून चार भाग करावेत. मूठ बंद ते पाव उघडी असताना स्लो जेट आणि एअर स्क्रू यांचा अंमल असतो, त्या टप्प्याच्या शेवटी स्लाइडचा कापलेला भागही बोलतो, पाव ते पाऊण या मोठ्या टप्प्यात सुई आणि तिच्या क्लिपची खाच महत्त्वाची असते, आणि त्यापुढे मुख्य जेट. तक्रार कोणत्या भागात आहे ते पट्टीवर पाहून फक्त तेवढ्याच गोष्टीला हात लावावा. एअर स्क्रू बाहेर फिरवला की मिश्रण पातळ होते, हे पेट्रोलचा स्क्रू असलेल्या गाड्यांच्या उलट असल्याने नवखे लोक येथे फसतात. प्लगचा रंग पाहायचा असेल तर ज्या टप्प्याची परीक्षा आहे त्याच टप्प्यात दोन-तीन किलोमीटर चालवून, क्लच दाबून आणि त्याच क्षणी इंजिन बंद करून प्लग काढावा. गावातून रांगत आलेल्या गाडीचा प्लग मुख्य जेटविषयी काहीही सांगत नाही. प्लगच्या अंकांबाबतही जपून राहावे. एनजीकेमध्ये अंक वाढला की प्लग थंड प्रकारचा होतो, तर बॉशमध्ये अंक वाढला की गरम प्रकारचा, त्यामुळे दुकानदाराने दिलेला पर्यायी प्लग अंकावरून जुळवू नये.

अंत्रुजकर आणि प्रश्नकर्ते या दोघांसाठी आणखी दोन बारकावे. पेट्रोलमध्ये तेल वाढवले की मिश्रण जाड झाले असे अनेकांना वाटते, प्रत्यक्षात जेटमधून जाणाऱ्या द्रवात तेलाने जागा घेतल्यामुळे पेट्रोल तेवढे कमी जाते आणि हवा-पेट्रोलचे मिश्रण किंचित पातळ होते. दुसरे असे की आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला फक्त ९ भाग. नव्या गाड्यांचा संगणक हा फरक भरून काढतो, १९९३ चा कार्बोरेटर तो भरून काढू शकत नाही, म्हणून मूळ जेटवर गाडी थोडी पातळ चालणे संभवते आणि सुई एक खाच वर घेणे किंवा जेट एका अंकाने वाढवणे योग्य ठरू शकते. अर्थात हे सर्व गळती बंद केल्यानंतर. इथेनॉल पाणी शोषून घेत असल्याने गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल काढून टाकावे.

---

मामाची_आरएक्स

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलायची असे मी ठरवले होते.

स्प्रेच्या परीक्षेत इनटेकच्या रबरापाशी काहीही फरक पडला नाही, मॅग्नेटच्या मागे फवारताच मात्र इंजिनाचा आवाज खाली बसला. गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्तदाबाचे जुने यंत्र हसत हसत दिले. ३०० वर आणलेला काटा अर्ध्या मिनिटात शंभराखाली आला आणि मॅग्नेटच्या बाजूलाच बुडबुडे दिसले. पुलर मला शिवाजी उद्यमनगरातील एका दुकानात मिळाला. जुने सील काढले तेव्हा ते रबरासारखे नव्हे तर बॅकेलाइटसारखे टणक लागले. नवीन सील बसवून पुन्हा दाब भरला, तेव्हा काटा पाच मिनिटांत जेमतेम दहा-बारा अंक हलला. गिअर ऑइलची पातळी दोन महिन्यांत कमी झालेली नसल्याने क्लचच्या बाजूला हात लावला नाही.

त्यानंतर जाळी काढली. तिची निम्म्याहून अधिक भोके बुजलेली होती, आणि एक्झॉस्ट पोर्टच्या वरच्या कडेला कार्बनची जाड कड तयार झाली होती. ती खरवडण्यासाठी हेड आणि ब्लॉक उतरवलाच होता म्हणून रिंगा नव्या घातल्या. पिस्टनला ओरखडे नव्हते. बोअर कधी झाले होते का हे पाहायला गेलो, तर पिस्टनवर कोणताही वाढीव अंक नव्हता, म्हणजे मामांचे बोलणे अक्षरशः खरे निघाले. सोबतच्या मित्राला वाटत होते की संधी आहे तर एक मिलिमीटरने मोठे बोअर करून गाडी ताकदवान करावी. मी हिशेब केला : ५१ मिलिमीटरला क्षमता ९८ वरून १०२ सीसी होते. चार सीसीसाठी चांगला ब्लॉक कापायला मन धजले नाही.

मुख्य जेट मूळ अंकाचा बसवल्यावर स्लो गरम झाल्यावरही स्थिर राहतो. तेलाची टाकी धुतली तेव्हा तळाशी अंत्रुजकरांनी वर्णन केला तसाच गाळ होता. नळ्या बदलून, हवा काढून २०० किलोमीटरची परीक्षा घेतली. ८५ मिलिलिटर तेल लागले, म्हणून पंप ठेवला आहे. परवा त्याच मित्राला मागे बसवून जोतिबाला गेलो आणि शेवटची दोन वळणे सोडली तर चढ तिसऱ्या गिअरमध्ये झाला. महामार्गावर मी अजून ६० च्या पुढे गेलेलो नाही, कारण नव्या रिंगा घातल्यावर किती दिवस जपून चालवावे हे मला नक्की ठाऊक नाही. एकूण खर्च चार हजारांच्या आत झाला.

---

अंत्रुजकर

८५ मिलिलिटर हा आकडा वाचून मीही माझा पंप पुन्हा जोडून पाहण्याच्या विचारात आहे. पहिले दोन महिने पेट्रोलमध्येही थोडे तेल घालीनच, एवढी सवलत मला असावी.

---

निवृत्त_फिटर

सवलत मंजूर आहे.

रिंगांसाठी पहिले ३०० ते ५०० किलोमीटर पुरे होतात. पूर्ण बोअर केले असते तर हजार सांगितले असते. या काळात एकाच वेगाने लांबवर जाऊ नये, त्याने रिंगा नीट बसत नाहीत. वेग सतत कमी-जास्त करावा, चढावर गिअर वेळेवर खाली घ्यावा, कारण कमी फेऱ्यांत मूठ पूर्ण पिळून गाडी ओढत नेणे हे वेगात चालवण्यापेक्षा नव्या रिंगांना अधिक जड जाते. अधूनमधून मूठ थोडा वेळ मोकळी उघडून परत बंद करावी. पहिल्या दोन-तीन वेळा गाडी चालवून आल्यावर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि मग हेडचे नट समोरासमोरच्या क्रमाने पुन्हा तपासावेत; नवे पॅकिंग तापून दबले की नट थोडे सैल पडतात. गरम इंजिनावर हे काम करू नये.

मोठा जेट फेकून देऊ नका, त्यावर चिठ्ठी लावून डब्यात ठेवा. वायुलहरी यांनी इथेनॉलबद्दल जे लिहिले आहे त्याची परीक्षा रिंगा बसल्यावर, महामार्गावर पूर्ण मूठ उघडून प्लगचा रंग पाहूनच करायची आहे, आणि त्या वेळी मधल्या अंकाचा जेट हाताशी असला तर बरे.

---

मामाची_आरएक्स

आज सकाळी थंड इंजिनावर हेडचे चारही नट तपासले. तीन जागच्या जागी होते, एक्झॉस्टच्या बाजूचा एक जवळपास पाव फेरा फिरला. ४०० किलोमीटर झाल्यावर प्लगचा फोटो टाकतो.